पाचव्या दगडाखाली

पाचवा दगड बसत नव्हता.

सकाळी सहापासून मोजणीदार रानात उभी होती. तीन पायांच्या घोडीवर यंत्र, हातात त्याची आकडे दाखवणारी पाटी, डोक्यावर ओला रुमाल. चार कोपऱ्यांचे चार जुने दगड सापडले होते आणि उपग्रहांकडून आलेले त्यांचे आकडे जुन्या नकाशाशी बोटभराच्या फरकाने जुळत होते. ऐंशी वर्षांपूर्वी कुणीतरी लोखंडी साखळी ओढत, काट्याकुट्यांतून, एवढं नेमकं मोजलं होतं, याचं तिला दर वेळी नवल वाटे. पण विहिरीजवळचा पाचवा दगड चुकत होता. बोटभर नाही, हातभर नाही. नऊ फूट.

"परत लावा काका," ती म्हणाली.

दांडीवाल्या काकांनी मोजणीची दांडी उचलली आणि दगडाच्या माथ्यावर कोरलेल्या फुलीवर पुन्हा टेकवली. पंचवीस वर्षं ते हेच करत आले होते. "तिसऱ्यांदा लावतोय. दगड काय लाजून बाजूला सरकणार आहे?"

आकडा तोच आला.

त्या नऊ फुटांतच विहीर होती. बांधावर दोघं जण उभे होते आणि दोघंही विहिरीकडेच बघत होते. एक मळेवाल्या मावशी, साठीच्या, उन्हाने रापलेल्या, पायांना भेगा. ही विहीर त्यांच्या सासऱ्यांनी आणि नवऱ्याने स्वतः खणलेली. दुसरा शेजारचा दूधवाला, बारा म्हशींचा मालक. चोवीस वर्षांपूर्वी मोजणी झाली, हा दगड सापडला आणि विहीर दूधवाल्याच्या बाजूला गेली. तेव्हापासून पंपाच्या पेटीला त्याचं कुलूप. मावशींना पाणी मिळे ते त्याच्या मर्जीने, दिवसाला दोन तास. या वर्षी पाऊस दगा देऊन गेला, पाणी तळाला लागलं, तेव्हा दोनाचा एक तास झाला आणि मग एक दिवसाआड. मावशींच्या मळ्यातले वेल दुपारी माना टाकत, त्या संध्याकाळीही वर करत नव्हते. रोज सकाळी त्या गोठ्याच्या दारात उभ्या राहत आणि म्हशींचं सगळं आटपेपर्यंत किल्लीची वाट बघत. शेवटी त्यांनी फेरमोजणीचा अर्ज केला.

"मॅडम, आकड्यांचं मला नका सांगू," दूधवाला म्हणाला. "हा दगड तुमच्या वडिलांनी शोधलाय. खुद्द सळईमास्तरांनी. मी इथेच उभा होतो, या जागेवर. सापडला तेव्हा टाळी वाजवली होती मी."

"चालू द्या तुमची टाळी," मावशी म्हणाल्या. "पाण्याची पाळी माझी आज होती, तीही गेली मोजणीत."

वडिलांचं नाव निघालं की मोजणीदाराची मान आपोआप ताठ व्हायची. सळईमास्तरांना ओळखत नाही असं गाव या भागात नव्हतं. ज्या काळी कसलंच यंत्र नव्हतं, त्या काळी त्यांच्या हातात फक्त छातीइतकी उंच एक पोलादी सळई असे, वर आडवी मूठ, खाली झिजून टोकदार झालेलं पातं. ती जमिनीत रोवायची, दाबायची आणि खाली काय लागलं ते हाताने ओळखायचं. मूळ, वीट, कातळ की हद्दीचा दगड, ते मास्तर खणण्याआधी सांगत. मग कचेरीत पिवळी काठी आली. जवळ लोखंड आलं की किंचाळणारी. ती आली तशी मास्तरांनी सळई माळ्यावर टाकली आणि फायली वाहायचं काम मागून घेतलं. घरात ही गोष्ट नेहमी अशीच सांगितली जाई की मास्तरांनी यंत्राला मान दिला. खरं तर पिवळी काठी दगड शोधूच शकत नव्हती. दगडात लोखंड नसतं. पण इतका बारीक विचार कुणी केला नव्हता, मोजणीदारानेही नाही.

"दगड उचलावा लागेल," ती म्हणाली. "खालची साक्ष बघू."

जुनी माणसं दगड रोवताना त्याच्याखाली दोन मुठी कोळसा आणि एक चकाकीचं खापर पुरून ठेवत. दगड उपटून कुणी दुसरीकडे रोवला तरी कोळसा कुजत नाही, त्याला कीड लागत नाही. खापराचा रंग उडत नाही. जागा स्वतःच साक्ष देते.

दांडीवाल्या काकांनी पहार घातली. दगड कलला. खालची माती मऊ होती. मोजणीदार गुडघ्यांवर बसली आणि खुरप्याने एकेक पापुद्रा काढू लागली. हातभर खाली काळा डाग दिसला. कोळसा.

"बघा!" दूधवाला म्हणाला. "आता?"

मावशींनी तोंडाला पदर लावला.

कोळशात खुरप्याचं टोक कशाला तरी लागलं. तिने ते दोन बोटांनी उचललं, अंगठ्याने माती पुसली. पांढऱ्या चिनी मातीचा तुकडा. काठाला निळी रेघ आणि रेघेखाली एक इवलंसं पान, देठ डावीकडे वळलेला.

तिच्या कानात एकदम शांत झालं. बांधावरचा आवाज, म्हशींचं हंबरणं, सगळं दूर गेलं. हे पान तिला माहीत होतं. जन्मापासून ती याच पानाला ओठ लावून दूध प्यायली होती, मग चहा. घरात असे पाच कप होते. सहावा "तुझ्या बाबांच्या पिशवीत फुटला" असं आई सांगे.

ऐंशी वर्षांच्या दगडाखाली तिच्या आईचा कप.

"काय निघालं?" मावशींनी विचारलं.

"खापर," ती म्हणाली. तिने मूठ मिटली.

"म्हणजे दगड खरा!" दूधवाल्याने मांडीवर थाप मारली.

"मी उद्या येते. निकाल उद्या."

"उद्या," मावशी म्हणाल्या. "चोवीस वर्षं उद्याच ऐकतेय मी, बाई."

गाडीत बसल्यावर तिने कचेरीतल्या साहेबांना फोन लावला. तुकड्याबद्दल पुढे बोलायचं असं ठरवलं होतं, पण साहेबांनी तिथवर येऊच दिलं नाही. "कोळसा निघाला ना? खापर निघालं? मग दगड कायम. लिहून टाक आणि मोकळी हो. तुझ्याच वडिलांचा दगड, कोण शंका घेणार आहे?"

काकांनी गाडी सुरू केली.

"कोळसा मला ताजा वाटला," काका रस्त्याकडे बघत म्हणाले.

"कोळसा ताजा-शिळा नसतो काका."

"बरं. मग खापर तरी ताजं होतं."

•

घरी आली तेव्हा ओट्यावर चहा उकळत होता. आई खिडकीशी बसून चादरीला ठिगळ लावत होती. बाबांनी पुढे होऊन उकळतं पातेलं काठाला धरून नुसत्या हाताने खाली उतरवलं.

"अहो, फडकं घ्या!"

"मला कुठे चटका बसतो," बाबा म्हणाले.

ही त्यांच्या घरातली जुनी गंमत होती. लहानपणी तिने मैत्रिणींशी पैजा मारल्या होत्या. माझे बाबा निखारा उचलतात, तुझे उचलतात का? आज ती त्या हाताकडे बघत राहिली.

तिने तुकडा टेबलावर ठेवला.

आधी आईने पाहिला. सुई चादरीत तशीच खोचून ती उठली, कपाटातून एक कप काढला आणि तुकडा त्याच्या काठाला लावून बघितला. तिचा चेहरा उजळला. "अगं, हा तर आपला सहावा! माझ्या दादाने लग्नात दिलेला संच. कुठे मिळाला गं?"

"विहिरीजवळच्या हद्दीच्या दगडाखाली."

"तिथे कसा जाईल?"

ती बाबांकडे बघत होती. बाबा कपातून एकेक घोट घेत होते, जणू घोट मोजत होते.

"बाबा, तो दगड तुम्हाला सापडलाच नव्हता."

"तीन दिवस शोधत होतो," बाबा म्हणाले. इतक्या सहज, की तिला वाटलं हे वाक्य कित्येक वर्षं त्यांच्या तोंडात तयार असावं. "तीन दिवस टोचतोय, सळई खाली जातेय आणि हातात काहीच येत नाही. साहेब छत्रीखाली बसलेले. म्हणाले, मास्तर, तुम्हाला नाही सापडला म्हणजे जगात कुणाला सापडायचा नाही. त्या बोलण्याने मेलो मी. रस्त्याच्या कामात उपटलेला एक जुना दगड गाडीत पडला होता. चौथ्या दिवशी सगळ्यांच्या आधी रानात गेलो."

"आणि साक्ष?"

"कोळसा चुलीतला. खापर मिळेना. पिशवीत चहाचा कप होता."

"पण हातात येत नव्हतं म्हणजे काय? तुमचा हात तर…"

"हात झोपला होता."

"कधीपासून?"

"आधी बोटांची टोकं. मग तळवा. मला वाटलं सळईचे दणके बसून बसून बधिर झालाय, येईल परत. नाही आला."

"डॉक्टरकडे?"

"काय सांगणार डॉक्टरला? हे बघ, शाळा मला चौथीपर्यंत. माणसांनी मास्तर म्हटलं ते या हाताला. हात गेला म्हटलं असतं तर माझ्यापाशी उरलं काय? तेवढ्यात पिवळी काठी आली. म्हटलं, बरं झालं. आता सळई ठेवली तर कुणी का म्हणून विचारणार नाही."

तिने त्यांचा उजवा हात हातात घेतला. तळव्यावर जुने, गुळगुळीत डाग होते. चटक्यांचे. इतकी वर्षं तिला ते कामाचे घट्टे वाटले होते. बाबा खिडकीबाहेर बघत बोलतच होते, त्या साहेबांच्या छत्रीबद्दल काहीतरी. तिने चादरीतली सुई काढली आणि त्यांच्या तर्जनीच्या टोकात रोवली. आत जाईपर्यंत.

बाबा बोलत राहिले. "…काळी छत्री, लाकडी मुठीची…"

बोटावर रक्ताचा थेंब फुगला.

"अगं!" आई ओरडली.

बाबांनी मान वळवली. "काय झालं?"

मग त्यांनी आपल्या बोटाकडे पाहिलं, तिच्या हातातल्या सुईकडे पाहिलं आणि हात हळूच मागे घेऊन धोतरात लपवला. चोरी पकडल्यासारखा.

सुई तिच्या हातातून गळून पडली. ती खुर्चीत बसली.

आई मात्र उभीच होती. तिने कप ठेवला आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यातून बश्या काढल्या. एक, दोन, तीन. तीनच होत्या.

"अहो," ती फार हळू म्हणाली. "आणि माझ्या बश्या?"

बाबांनी डाव्या हाताने आपला कप बाजूला सारला.

"तीन बश्या गेल्या माझ्या. नव्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा पाहुणे आले, मांडायला घेतल्या तर तीनच. मी जावेवर आळ घेतला. पाहुण्यांसमोर, याच ओट्यापाशी उभं राहून तिला चोर म्हणाले. तुम्ही इथे होतात. तुम्ही पाट उचलून बाहेर गेलात. भिंतीला भिंत लागून राहतो आम्ही, चोवीस वर्षं तिने माझं तोंड पाहिलेलं नाही. अहो, बोला की!"

"एक खरंच फुटली," बाबा म्हणाले.

आई कोरडं हसली. "आणि उरलेल्या दोन?"

"एक शाळेच्या मागच्या दगडाखाली आहे."

"आणि दुसरी?"

बाबा उठले. दारापर्यंत गेले आणि पाठमोरेच म्हणाले, "सांगतो. आधी उद्या मला रानात ने. तो खरा दगड तिथेच कुठेतरी आहे. मी तीन दिवस त्याच्या अंगावरून चालत होतो."

•

सळई माळ्यावरून काढली तेव्हा तिच्यावर गंजाचा थर होता. बाबांनी ती वाटेत मांडीवर आडवी धरली, जसं एखादं मूल धरावं.

रानात दूधवाला आणि मावशी आधीच येऊन थांबले होते. मास्तरांना बघून दूधवाल्याने वाकून नमस्कार केला. "या मास्तर! आता कुणाची बोलायची छाती नाही." मावशींनी नुसतं पाहिलं.

मोजणीदाराने चार खऱ्या दगडांवरून पाचव्याची जागा काढली आणि यंत्र तिला विहिरीच्या पलीकडे, बरोबर नऊ फुटांवर घेऊन गेलं. तिथे तिने लाल निशाण खोचलं. नांगराने आणि पाण्याने दगड इकडेतिकडे सरकलेला असू शकतो, म्हणून भोवती दोन हातांचं रिंगण आखलं. काकांनी पिवळी काठी फिरवली. ती एकदाच किंचाळली. नांगराचा तुटका फाळ निघाला. मग काठी गप्प झाली. आकाशातलं यंत्र जागेपर्यंत आणून सोडत होतं, पुढे जमिनीच्या आत बघायला त्याला डोळे नव्हते.

"दे तिला सळई," बाबा काकांना म्हणाले. "मी बसतो."

ते बांधावर बसले. ती सळई रोवू लागली.

"मूठ घट्ट धरू नकोस," बाबा म्हणाले. "घट्ट धरली की आपलाच हात तेवढा कळतो. सैल धर. मूळ असलं तर सळई गिळल्यासारखी होते. वीट असली तर करकरते."

"आणि दगड?"

"दगड दातात येतो."

माती भाजलेली होती. तिच्या तळव्याला फोड आले, फुटले. घाम डोळ्यांत उतरत होता. सहा भोकं, नऊ, बारा. एकदा करकर झाली, विटेचा तुकडा. एकदा सळई खरोखरच गिळल्यासारखी झाली. मावशी उन्हात तशाच उभ्या होत्या, सावलीत या म्हटलं तरी हलल्या नाहीत.

सतराव्या भोकात, अडीच फूट खाली, टक्.

आवाज बाहेर कुणालाच आला नाही. तो तिच्या मनगटातून कोपरात गेला, खांद्यात, जबड्यात, आणि तिचे खालचे दात झिणझिणले. तिने बाबांकडे पाहिलं.

"आला?" बाबांनी विचारलं. ते उभे राहिले होते. "दातात आला?"

तिने मान हलवली.

काकांनी खणलं. विहिरीतून वर्षानुवर्षं काढलेला गाळ इथेच पसरला होता, म्हणून दगड इतका खोल गेला होता. नांगराने त्याचं डोकं उडवलेलं, पण उरलेल्या अंगावर फुलीची एक टांग अजून दिसत होती. खाली कोळसा होता, मातीत घट्ट बसलेला, आणि त्यात तपकिरी चकाकीचं जाड खापर. तसलं भांडं आता कुणाच्याच घरात नव्हतं.

दूधवाला खड्ड्याच्या काठावर येऊन थांबला. एकदा या दगडाकडे, एकदा विहिरीपलीकडच्या दगडाकडे. "हे काय मास्तर? दोन कसे?"

"तो मी पुरला," बाबा म्हणाले. "माझा हात गेला होता. सापडला नाही, म्हणून पुरला."

"पुरला म्हणजे…" दूधवाल्याचं तोंड उघडंच राहिलं. "मी टाळी वाजवली होती, मास्तर. तुमच्यासाठी. म्हणजे मी चोवीस वर्षं दुसऱ्याच्या विहिरीला कुलूप घातलं? माझ्या पोरांना सांगितलं, मावशींना दारात थांबवा, आधी धारा होऊ देत…" त्याने खिशातून किल्ली काढली. ती कुणाकडे द्यावी ते त्याला सुचेना. मास्तरांकडे धरली, मग मोजणीदाराकडे, मग तशीच नव्या खणलेल्या मातीवर ठेवून दिली आणि तिच्यापासून एक पाऊल मागे सरला.

मावशींनी किल्लीकडे पाहिलंही नाही. त्या बाबांसमोर आल्या.

"माझा माणूस याच विहिरीत कंबर मोडून बसला होता," त्या म्हणाल्या. "मोजणी झाली तेव्हा मी म्हटलं, भांडा. तो म्हणाला, मास्तरांचा हात चुकत नाही, आपलंच खणताना चुकलं असेल. मरेपर्यंत तो स्वतःलाच चुकीचा समजत होता."

बाबा खाली बघत होते.

"मला एकच सांगा. तेव्हा तुम्ही म्हणाला असता, मला सापडत नाही. तर काय झालं असतं?"

"दुसरा कुणीतरी आला असता," बाबा म्हणाले.

"एवढंच?"

"एवढंच."

मावशी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग वळल्या, विहिरीवर गेल्या, चपला काढल्या आणि काठावर पाय आत सोडून बसल्या. कुणाला न विचारता.

मोजणीदाराने पंचनामा तिथेच, बांधावर बसून लिहिला. खोटा दगड कुणी पुरला या ओळीपाशी तिचा हात थांबला. बाबांनी नुसतं म्हटलं, "लिही. नाव पूर्ण लिही."

•

घरी आल्यावर बाबा चपलांसकट घरातून सरळ परसात गेले. आई धुणं पिळत होती. परसाच्या कोपऱ्यात, शेजारी राहणाऱ्या धाकट्या काकांच्या आणि यांच्या जागेच्या मधोमध, हद्दीचा दगड होता. आई त्यावर बादली ठेवायची. बाबांनी बादली उचलून खाली ठेवली.

"दुसरी इथे आहे."

आईच्या हातातलं पिळलेलं धुणं मातीत पडलं.

"वाटणी झाली त्या वर्षी धाकटा म्हणाला, दादा, कोपऱ्याचा दगड तूच शोध, बाहेरचा माणूस कशाला." बाबा दगडाशी बोलत होते. "विहिरीनंतर दोन महिन्यांची गोष्ट. कुठल्या बाजूला सरकला ते मला खरंच माहीत नाही. हात सांगत नव्हता. अंदाजाने रोवला."

मोजणीदाराने यंत्र गाडीतून पुन्हा आणलं. तिला घाई करायची नव्हती, पण हात आपोआप घाई करत होते. रस्त्याच्या कडेचे दोन खरे दगड धरून तिने कोपरा काढला. पाटीवर आकडा आला. तिने घोडी हलवून पुन्हा काढला. मग ती आकड्याच्या दिशेने पावलं टाकत गेली आणि तिचं कपाळ स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला लागलं.

"आठ फूट," ती म्हणाली. "आपल्या बाजूने जास्त. ओटा, मोरी, सगळं धाकट्या काकांच्या जागेत."

कुणी काही बोलायच्या आत आईने खुरपं उचललं. दांडीवाल्या काकांना मदतीला हाक मारू म्हटलं तर तिने ऐकलं नाही. एकटीने दगड हलवला, आडवा पाडला, खाली वाकली. कोळसा तिच्या कोपरापर्यंत लागला. मग तिचे हात थांबले.

बशी अख्खी होती. काठाची निळी रेघ, सगळी पानं, एकही टवका नाही.

"ही फोडवली नाही," बाबा म्हणाले. "आधीच्या कपासाठी तू रडली होतीस."

आईने त्यांच्याकडे बघितलंच नाही. नळाखाली बशी धुतली, पदराने पुसली. परसातून दोन पावलांवर जावेचं मागचं दार होतं, पण ती घरातून पुढे आली, रस्त्यावर उतरली आणि पुढच्या दाराने गेली. मोजणीदार मागे मागे गेली.

दार काकूंनी उघडलं. केस पांढरे झालेले. मोजणीदार त्यांना रोज बघत होती. आईने चोवीस वर्षांत पहिल्यांदा समोरून बघितलं.

"सापडली," आई म्हणाली आणि बशी पुढे केली.

काकूंनी हात पुढे केला नाही. "कुठे होती?"

"आपल्या मधल्या दगडाखाली. यांनी पुरली होती. आणि अजून एक सांगायचंय. माझं स्वयंपाकघर तुझ्या जागेत आहे. सगळं. ओट्यासकट."

काकूंनी चौकट धरली आणि हळूहळू उंबऱ्यावर बसल्या. त्यांची नजर बशीवर होती. आईचे कोळशाने काळे हात, पांढरी बशी.

मग त्यांनी मान वर केली.

"म्हणजे तुम्ही मला चोर म्हणालात," काकू म्हणाल्या, "ते माझ्याच घरात उभं राहून?"